चहाचे रोप आणि सह्याद्रीचा पाऊस

चहाच्या पिकाला काय लागते, हे भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींत सांगितलेले असते: भरपूर पाऊस, उबदार व दमट हवा आणि पाण्याचा निचरा होणारा डोंगरउतार. विद्यार्थी या ओळी पाठ करतात, नकाशात आसाम, दार्जिलिंग आणि निलगिरी दाखवतात आणि गुण मिळवतात. कराड परिसरातल्या एखाद्या चौकस विद्यार्थ्याला मात्र इथेच एक शंका यायला हवी. कराडला ज्या दोन नद्या भेटतात, त्या कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कराडहून पश्चिमेला साठेक किलोमीटरवर असलेल्या कोयनानगरचा पाऊसही पाच हजारांच्या घरात जातो. डोंगर आहे, उतार आहे, धुके आहे आणि पाऊस तर आसामातल्या अनेक चहामळ्यांच्या दुपटीहून अधिक आहे. मग सातारा जिल्ह्यात चहाचे मळे का नाहीत?

‘इंग्रजांनी लावले नाहीत म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. परक्या मुलखातली झाडे आणून लावण्याची त्या काळच्या सरकारला मोठी हौस होती आणि महाबळेश्वरही त्यातून सुटले नव्हते. खरे उत्तर शोधायचे तर चहाच्या कोवळ्या रोपाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांकडे पाहावे लागते. नव्या मळ्याचे भवितव्य याच काळात ठरते आणि चहाच्या इतिहासातली बरीचशी अपयशेही याच काळातली आहेत.

बेचाळीस हजार रोपांची गोष्ट

चहाचे पेय आणि त्याचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ पूर्णपणे चीनच्या हाती होता. भारतात चहा पिकवता येईल का, हे पाहण्यासाठी गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक यांनी १८३४ मध्ये एक समिती नेमली. समितीचे सचिव गॉर्डन चीनला गेले आणि त्यांनी पाठवलेले बी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात पेरले गेले. त्यातून सुमारे ४२ हजार रोपे तयार झाली. त्यांपैकी २० हजार आसामकडे, २० हजार कुमाऊँ व आसपासच्या हिमालयी टेकड्यांकडे आणि उरलेली २ हजार दक्षिण भारतात पाठवण्यात आली.

या रोपांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. आसामच्या वाट्याची निम्म्याहून अधिक रोपे नावांच्या लांबच्या प्रवासातच मेली. उरलेली सादियाजवळ नदीकाठी लावली. तिथे वर मातीचा पातळ थर आणि खाली वाळू होती. मुळे वाळूत पोचली आणि रोपे सुकत गेली. दक्षिणेकडे पाठवलेल्या २ हजार रोपांपैकीही बहुतेक दुर्लक्षामुळे गेली. निलगिरीत केटी येथे काही थोडी रोपे तग धरून होती. पेरोते या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचे तिकडे लक्ष गेले, तेव्हा निलगिरीत चहा जगू शकतो हे कळले. तिथे खऱ्या अर्थाने मळे उभे राहायला आणखी वीस वर्षे लागली.

गंमत अशी की आसामच्या जंगलात चहा आधीपासूनच होता. तिथले सिंगफो लोक त्याची पाने वापरत. मणिराम दिवाण यांच्याकडून माहिती मिळाल्यावर रॉबर्ट ब्रूस हे १८२३ मध्ये सिंगफो प्रमुखाला भेटले आणि त्यांना या झाडाची ओळख झाली. परंतु ‘जंगली झाडापेक्षा चीनचे झाड श्रेष्ठ’ असा ग्रह अधिकाऱ्यांच्या मनात पक्का होता. शेवटी तग धरली ती त्याच मातीत वाढलेल्या झाडाने. रॉबर्टचे भाऊ चार्ल्स ब्रूस यांनी जंगलातल्या झाडांपासून केलेला चहा १८३८ मध्ये इंग्लंडला रवाना झाला आणि जानेवारी १८३९ मध्ये लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला.

चिनी रोपांचा नाद तरीही सुटला नाही. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चीनला पाठवले. त्याने सुरुवातीला पाठवलेले बी वाटेतच निकामी झाले. चहाचे बी गव्हा-ज्वारीसारखे वर्षभर कोरडे ठेवता येत नाही. ते सुकले की मेले. यावर त्याने एक साधा उपाय केला. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने काचेच्या बंद पेट्या तयार केल्या होत्या. पेटीतल्या मातीतून आणि पानांतून उडालेली वाफ काचेवर थंड होऊन पुन्हा मातीत उतरे. त्यामुळे महिनोन्‌महिने पाणी घालावे लागत नसे. फॉर्च्यूनने या पेट्यांतच बी पेरले. जहाज कलकत्त्याला येईपर्यंत ते उगवून आलेले होते. १८५१ मध्ये अशी बारा हजारांहून अधिक रोपे हिमालयातल्या बागांसाठी पोचली.

नव्या मळ्यात रोप कसे जगवतात

रोप जगवण्याची रीत अशा चुकांमधून हळूहळू तयार झाली. आज दक्षिण भारतात नवा मळा कसा लावतात ते थोडक्यात पाहू या.

पूर्वी रोपे बियांपासून करत. आता बहुतेक ठिकाणी निवडक झुडपाच्या फांदीचा एक पान असलेला लहानसा तुकडा घेऊन तो मातीच्या पिशवीत रुजवतात. आसाममधल्या टोकलाई संशोधन केंद्राने (स्थापना १९११) १९४९ मध्ये अशी पहिली निवडक वाणे प्रसारित केली. रोपवाटिकेत रोप नऊ महिने ते वर्षभर राहते. सुरुवातीला दाट सावली आणि भरपूर दमटपणा, मग सावली कमी कमी करत रोपाला उन्हाची सवय लावायची, असा क्रम असतो. हे केले नाही, तर रोप मळ्यात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माना टाकते.

मळ्याची जमीन आधी पाहून घेतात. माती निदान मीटरभर खोल हवी आणि आम्लधर्मी हवी; सामू साधारण ४.५ ते ५.५. डोंगराच्या समान उंचीच्या रेषेवरून ओळी आखतात, म्हणजे पावसाचे पाणी ओळींमधून धावत माती घेऊन जात नाही. साधारण ४५ सेंटिमीटर खोल खड्डे घेतात. दोन ओळींत १.२० मीटर आणि ओळीतल्या दोन रोपांत ०.७५ मीटर अंतर ठेवले, तर हेक्टरी किती रोपे बसतील, हे गणित वर्गात घालण्याजोगे आहे. उत्तर अकरा हजारांच्या वर येते. पिशवी काढताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, हा लावणीतला सर्वांत महत्त्वाचा नियम. कारण पाणी शोषणारी बारीक मुळे गोळ्याच्या कडेलाच असतात.

लावणीनंतर रोपाभोवती वाळलेल्या गवताचे जाड आच्छादन घालतात आणि मळ्यात ठरावीक अंतरावर सावलीची झाडे लावतात. रोपाने जीव धरला की त्याचे मुख्य खोड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटतात. मोकळे सोडले तर चहाचे झाड चांगले उंच वाढते. शेंडा मोडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि झुडूप पसरट होते. मग ठरावीक उंचीवर शेंडे खुडून त्याचा माथा सपाट करतात. या सगळ्यात दोन-तीन वर्षे जातात. त्यानंतर नियमित खुडणी सुरू होते आणि नीट निगा राखली तर तेच झुडूप पन्नास वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ पाने देत राहते.

मातीचे मडके

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक मीटर खोलीच्या चांगल्या मातीत झाडाला घेता येईल असे पाणी किती मावते? अंदाजाने १५० मिलिमीटर धरू. म्हणजे माती हे १५० मिलिमीटरचे मडके झाले. मडके भरल्यावर आणखी कितीही पाऊस पडला, तरी तो वाहून जाणार किंवा खोल झिरपणार. महाबळेश्वरला एकट्या जुलैत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो मडके अनेक वेळा भरेल इतका आहे. पण ऑक्टोबरच्या शेवटी शिल्लक उरते ते एकच मडके.

पूर्ण वाढलेले झुडूप उन्हाच्या दिवसांत रोज तीन-चार मिलिमीटर पाणी वापरते असे धरले, तर हे मडके चाळीस ते पन्नास दिवसांत रिकामे होते. कोवळ्या रोपाला पाणी कमी लागते हे खरे, पण त्याची मुळे वरच्या वीत-दीड वीत मातीतच असतात आणि हाच थर उन्हाने सर्वांत आधी वाळतो. म्हणजे त्याचे मडके फारच लहान. आपल्या घाटमाथ्यावर ऑक्टोबर संपला की जूनपर्यंत भरवशाचा पाऊस नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या काही सरी येतात, पण तोवर सहा महिने उलटलेले असतात. जूनमध्ये लावलेल्या रोपाला आयुष्याच्या पहिल्याच वर्षी ही परीक्षा द्यावी लागते, तीही मुळे खोल जाण्याआधी.

निलगिरीत वर्षाचा एकूण पाऊस महाबळेश्वरच्या मानाने बराच कमी आहे. पण तिथे नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा सरी पडतात. खरा कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा. आसामात हिवाळा कोरडा असतो, पण तेव्हा थंडीमुळे झुडपाची वाढही थांबलेली असते. वाढ सुरू होण्याच्या सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, तिथे पाऊस सुरू होतो. आपल्याकडे मात्र कोरडेपणा आणि ऊन दोन्ही एकाच वेळी वाढत जातात.

पावसाळ्यातली अडचण याच्या उलट आहे. आपल्या शेतकऱ्यांचा ‘वाफसा’ हा शब्द इथे नेमका उपयोगी पडतो. मातीत ओल असावी आणि हवाही असावी, या स्थितीला वाफसा म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावरच्या सपाट आणि उथळ जमिनीत वाफसा येतच नाही. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात. म्हणजे रोप चार महिने गुदमरते आणि सात महिने तहानेने तळमळते.

मातीचे काय? महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर जांभा खडक आहे. सततच्या पावसाने चुना आणि इतर क्षार धुऊन नेल्यामुळे लोह व ॲल्युमिनियम मागे राहून हा खडक तयार झाला. त्याची माती आम्लधर्मी असते आणि चहाला ती मानवते. या एका बाबतीत सह्याद्री चहाला अनुकूल आहे. पण पठारांवर अनेक ठिकाणी उघडा सडा किंवा हातभर माती. उलट खाली कराडच्या कृष्णाकाठी माती चांगली खोल आहे, पण ती काळी, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. उसाला उत्तम, चहाला निरुपयोगी. शिवाय तिथला पाऊस जेमतेम सहा-सातशे मिलिमीटर. जिथे मातीचा गुण जुळतो तिथे खोली नाही, आणि जिथे खोली आहे तिथे गुण जुळत नाही.

लिंगमळ्याचा धडा

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीचा पडताळा एका वेगळ्या झाडाने दिला. हिवतापावरचे क्विनाइन सिंकोना झाडाच्या सालीपासून मिळते. हे झाड दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातले. क्लेमंट्स मार्कहॅम यांच्या मोहिमेने १८६० च्या सुमारास त्याची रोपे व बी भारतात आणले आणि निलगिरीत त्याची लागवड यशस्वी झाली. मार्कहॅम महाबळेश्वरलाही येऊन गेले होते. पुढे त्याच दशकात मुंबई सरकारने महाबळेश्वरजवळ वेण्णेच्या काठी लिंगमळा येथे सिंकोनाची बाग लावली. निलगिरीचे यश इथेही मिळेल, अशी अपेक्षा होती. उंची जुळत होती, थंडावाही जुळत होता. पण इथल्या पावसापुढे झाडे टिकली नाहीत आणि काही वर्षांनी बाग सोडून द्यावी लागली. आज लिंगमळा धबधबा पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या बागेची माहिती असते.

याच परिसरात काही परकी झाडे मात्र रुजली. महाबळेश्वरच्या तुरुंगातल्या चिनी कैद्यांनी एकोणिसाव्या शतकात बटाटा आणि भाजीपाल्याची लागवड वाढवली. पाचगणी वसवणारे जॉन चेसन यांनी तिथे सिल्व्हर ओक लावले. दक्षिण भारतातल्या चहामळ्यांत सावलीसाठी सर्रास लावतात ते हेच झाड. म्हणजे चहाच्या सोबतीचे झाड आपल्याकडे छान वाढले, चहा मात्र आला नाही. सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियातले असून कोरडा काळ सोसू शकते, हे लक्षात घेतले की यातले आश्चर्य ओसरते.

स्ट्रॉबेरीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची लावण पाऊस सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर होते आणि फळे हिवाळाभर मिळून उन्हाळ्यात हंगाम संपतो. पावसाळ्यात रोपे वाढवायची, तर ती खाली वाईच्या बाजूला, कमी पावसात. कोरड्या महिन्यांत पाणी ठिबकने देतात. थोडक्यात, या पिकाने महाबळेश्वरचा पाऊस चुकवला आणि फक्त थंडी घेतली. चहाला ही सोय नाही. त्याला जागेवरच उभे राहून बारा महिने काढायचे असतात.

कोरड्या महिन्यांत पाणी देऊन चहा जगवता येणार नाही, असे नाही. थोडी झुडपे बागेत कोणीही वाढवू शकेल. पण मळा परवडायचा तर वर्षातले बहुतेक महिने दर आठवड्या-पंधरवड्याला कोवळी पालवी मिळायला हवी. घाटमाथ्यावर पाणी अडवणे किती खर्चाचे आहे, हे कोयना धरणाने आपल्याला शिकवलेच आहे. चार महिन्यांचा पाऊस वर्षभर पुरवण्यासाठी तिथे शंभर टीएमसीहून मोठा जलाशय बांधावा लागला.

चुकीची किंमत कोण देते?

रोप मेले तर फार तर पैसे जातात, असे वाटेल. इतिहास तसे सांगत नाही. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला चहात झटपट श्रीमंत होण्याची लाट आली. जमीन न पाहताच मळे लावले गेले, न लावलेले मळेही विकले गेले आणि दशकाच्या मध्यावर हा फुगा फुटला. या घाईत जंगल तोडायला आणि रोपे लावायला लांबच्या प्रदेशांतून मजूर नेले गेले. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत आसामात सुमारे ८५ हजार मजूर पोचले. जून १८६६ पर्यंत त्यांपैकी सुमारे ३० हजार मेलेले किंवा परागंदा झालेले होते. ज्या मणिराम दिवाणांनी चहाचा पत्ता सांगितला आणि पुढे स्वतःचे मळे काढले, त्यांना १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये फाशी दिले गेले.

आजही नवनव्या फळझाडांची रोपे गावोगाव विकायला येतात. ‘तुमच्याकडे पाऊस चांगला आहे, येईलच’ असे सांगितले जाते. तेव्हा किती पाऊस पडतो, याआधी तो कोणत्या महिन्यांत पडतो, माती किती खोल आहे आणि पहिल्या उन्हाळ्यात रोपाला पाणी कोण देणार, हे विचारणारा विद्यार्थी घरात असेल, तर त्याच्या वडिलांचे पैसे वाचतील. भूगोलाच्या तासाचा याहून चांगला उपयोग आम्हांला सुचत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळवून बारा महिन्यांचा स्तंभालेख काढा. शेजारी कुन्नूर आणि जोरहाट यांचे आलेख काढा. एकूण पावसाची तुलना करण्याआधी तीस मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचे महिने प्रत्येक ठिकाणी किती आहेत ते मोजा.

२. कृष्णाकाठची काळी माती आणि घाटमाथ्याची तांबडी माती बशीत घेऊन दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब शिक्षकांच्या देखरेखीखाली टाका. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुनखडी आहे. नंतर दोन्हींचा सामू दर्शक कागदाने तपासा.

३. तळाशी भोके असलेले दोन सारखे डबे घेऊन त्यांत सारखीच वाळलेली माती भरा. एका डब्यात एकाच दिवशी दोन लिटर पाणी ओता. दुसऱ्यात रोज शंभर मिलिलिटर, असे वीस दिवस. खालून गळालेले पाणी दररोज मोजा आणि एकविसाव्या दिवशी दोन्ही डब्यांचे वजन करा. पाणी दोघांनाही सारखेच दिले होते. मग ओल कोणत्या डब्यात उरली, आणि का? या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले, तर चहाचा धडा त्यांना समजला असे मानायला हरकत नाही.